समासातलं प्रश्नचिन्ह

काकांनी पिशवी खाली ठेवली, खिशातलं लाल पेन काढलं आणि सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या ‘दुख’ या शब्दात विसर्ग ठासून भरला. मग ‘उपस्तिथ’ सरळ केलं. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस. त्यांचा हात आधी चालायचा आणि अर्थ मागून पोचायचा. तो पोचला तेव्हा ते मटकन पायरीवर बसले.

सूचना अशी होती: ‘कळवण्यास अत्यंत दुख होते की, आपले लाडके काना-मात्रा काका गेले. शोकसभा आज सायंकाळी गच्चीवर. सर्वांनी उपस्तिथ राहावे.’ खाली सेक्रेटरीची सही होती.

काना-मात्रा काका म्हणजे तेच. लोक आपल्याला पाठीमागे काय म्हणतात हे काकांना पक्कं ठाऊक होतं, पण ते असं सहीनिशी वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

गेला आठवडा ते शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे होते. “एकटे किती दिवस राहणार बाबा, आता कायमचेच या,” असा तिचा धोशा होता. तिथे सगळं छान होतं. सूचनासुद्धा छापील यायच्या, एका वेलांटीची चूक सापडायची नाही. काकांचा जीव रमेना. पण इथे तरी आपल्यावाचून कुणाचं अडणार आहे, उलट लोक सुटलो म्हणतील, असं मनाशी म्हणून त्यांनी होकार भरला. आज फक्त आवराआवर करायची, उद्या शेजारच्या शिवणवाल्या ताईंकडे किल्ली द्यायची आणि निघायचं.

ते उठले. ‘लाडके’ या शब्दाशी त्यांचं पेन अडलं. शंका आली की समासात, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेत, प्रश्नचिन्ह घालायचं. मजकूर बरोबर असेल तर लिहिणाऱ्यानं शेजारी ‘तसेच ठेवा’ असं लिहायचं. छापखान्याची ही रीत त्यांनी सेक्रेटरीला नको नको होईपर्यंत ऐकवली होती. त्यांनी ‘लाडके’समोर एक ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं आणि ते गच्चीवर गेले.

सभा भरली होती. खुर्च्या कमी पडून माणसं कठड्याला टेकली होती. काका पाण्याच्या टाकीमागे थांबले. तिथून पुढे जायला पाय उचलेना.

शिवणवाल्या ताई गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत बोलत होत्या.

“माझ्या पाटीवर ‘फिटींग’ होतं. भर गिऱ्हाइकांत त्यांनी वेलांटी बदलून ऱ्हस्व करून ठेवली. महिनाभर मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. आता नवी पाटी रंगवायचीय, तर विचारू कुणाला?”

काकांनी टाकीआडून मान आणखी पुढे काढली. मेल्यावर एवढं सुख असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग सेक्रेटरी कागद घेऊन उभे राहिले. “काकांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकली—”

“पोकळी,” टाकीमागून आवाज आला. “ळ. बाळातला ळ.”

सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. काका पिशवी सावरत बाहेर आले. सेक्रेटरींच्या हातून कागद गळाला.

“काका, तुम्ही गेला होतात ना?”

“गेलो होतो. मुलीकडे.”

“अहो, पण वॉचमनचा फोन आला, काका गेले म्हणून. ढसाढसा रडत होता.”

“पडसं झालं होतं त्याला. सकाळपासून नाक ओढत होता.”

“आणि तो लगेच रजेवर गेला. तुमच्या घरचा फोन नुसताच वाजत होता, आणि मुलीचा नंबरही कुणाकडे नाही.”

“तुम्ही त्याला नेमकं काय म्हणालात निघताना?” ताईंनी विचारलं.

काका आठवू लागले. “जातो म्हणालो.”

“‘येतो’ म्हणतात हो काका. दुसऱ्यांचे शब्द तपासता, आणि स्वतःचा?”

काकांनी खिशातल्या पेनाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. “चूक झाली खरी,” ते म्हणाले. ताई आधी हसल्या आणि मग अख्खी गच्ची हसत सुटली. शोकसभेसाठी आणलेला चहा सगळ्यांनी दोन-दोनदा घेतला. ताईंनी काकांना मधल्या खुर्चीत बसवून नव्या पाटीचा मजकूर दाखवला.

सकाळी काका किल्ली मुठीत धरून खाली उतरले. ताईंचं दुकान अजून उघडायचं होतं, म्हणून ते फलकापाशी थांबले. सूचना तिथेच होती. त्यांच्या प्रश्नचिन्हासमोर सेक्रेटरींच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: ‘तसेचं ठेवा.’

काकांनी पेनाचं टोपण काढलं. ‘च’वरचा तो अनुस्वार साफ चुकीचा होता. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपण लावलं, पेन खिशात घातलं आणि घरात येऊन लेकीला फोन लावला.

“निघताय ना बाबा?”

“नाही गं,” काका डोळे पुसत म्हणाले. “इथे फार चुका आहेत. मला सवड नाही.”