खालच्या गावातलं शिखर

तीन आठवडे आमच्या दुकानात चष्मा करायला आलेल्या प्रत्येक माणसाला मी एकच प्रश्न विचारत होतो. आठ दिवस राहायचं तर कुठे, वरच्या गावात की खालच्या? दोन्ही गावं डोंगरातली, मधे नऊ किलोमीटरांचा घाट आणि दर चाळीस मिनिटांनी बस. वरचं गाव कड्याच्या अगदी टोकाला, समोर बर्फाचं शिखर, आणि जिकडे जावं तिकडे पायऱ्या. खालचं नदीकाठी, झाडीत, सपाट. बँकेतल्या बाई म्हणाल्या, वरचं. शेजारचे शिंपीकाका म्हणाले, खालचं, वर वाऱ्यानं कान दुखतात. टपाल टाकणारा म्हणाला, अहो, एका गावात राहा आणि दुसरं बसनं बघून या, त्यात काय एवढं. असल्या माणसांचा मला राग येतो. त्यात काय एवढं म्हणे. सगळं तर त्यातच होतं.

आमच्या हिचे कान किटले होते. जेवताना मी पुन्हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही वर राहिलात तर खालचं गाव आठवणार आणि खाली राहिलात तर वरचं. पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला गाव हवंय कशाला? आठ दिवस बसमध्येच राहू या आपण. खिडकी तेवढी मला द्या."

बाबा हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, "खालच्या गावात राहू."

हे नवीन होतं. बाबांनी आयुष्यात कधी कशाचा हट्ट धरला नाही. कुठे जायचं, काय खायचं, दुकानाला कुठला रंग द्यायचा, सगळ्याला त्यांचं उत्तर ठरलेलं: तुम्ही ठरवा. आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकदम खालचं गाव.

"का पण?" मी विचारलं.

"पायऱ्या नाहीत. वारा नाही. आणि माझ्या ओळखीचं आहे."

ओळखीचं म्हणजे लग्नानंतर ते आणि आई आठ दिवस तिथे राहिले होते, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. तेव्हा वर जायचं राहून गेलं. आई असेपर्यंत बोलून दाखवायची, नऊ किलोमीटर होतं फक्त, पण तुमच्या बाबांना नदीकाठची खुर्ची सुटेना.

मी म्हटलं, "मग या वेळी तरी वर राहू. तुमचं राहिलेलं पाहून होईल."

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांचा पडदा तपासला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, नजर उतरत जाणार आहे. हळू की झपाट्यानं, ते आज सांगता येत नाही. तुम्ही स्वतः चष्मेवाले आहात, दर महिन्याला तक्ता वाचून घ्या, एक ओळ जरी उतरली तरी उशीर न करता घेऊन या, सुई देऊन थोडं थोपवता येतं. आणि दाखवायचं ते दाखवून घ्या.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक बाबा; चष्म्यांचे स्क्रू आणि पॅड बसवायला ते आपल्या स्टुलावर बसायचे, त्याआधी. मी त्यांना खुर्चीत बसवायचो, एक डोळा झाकायचो, आणि ते समोरचा तक्ता वाचायचे. तो तक्ता बाबांनीच लावलेला, दुकान उघडलं त्या वर्षी. सहा ओळी, एकही चूक नाही. मी म्हणायचो, बरोबर, पुढची ओळ. बरोबर, पुढची ओळ. सहावी झाली की माझा जीव भांड्यात पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर यायचा. आज दिसतंय, उद्याचं काय? म्हणून ही घाई. मला बाबांना ते शिखर दाखवायचं होतं, आणि तेही खिडकीतून, समोरासमोर, आठही दिवस.

वरच्या गावातली खोली ठरवून टाकली.

तिथे पोचलो तेव्हा ढग होते. खोली दुसऱ्या मजल्यावर, बावीस पायऱ्या, त्याही दगडी आणि कमीजास्त उंचीच्या. बाबा भिंतीला हात लावून चढले. मी म्हटलं, दमलात का? ते म्हणाले, छे. खोली मोठी होती, दोन खिडक्या, एक टेबल, आणि टेबलाचा कोपरा बाबांच्या मांडीला पहिल्या तासात दोनदा लागला. हिनं टेबल सरकवून भिंतीला लावलं. मी त्या वेळी खिडकीशी होतो. ढग कधी हटतात ते बघत.

तो दिवस गेला, दुसराही गेला. मला एका जागी बसवेना. मी चौकात जायचो, परत यायचो, खालच्या गावाकडे जाणाऱ्या बसच्या वेळा वाचायचो, पुन्हा यायचो. ही म्हणाली, "बसा हो जरा. तुम्ही येरझाऱ्या घातल्यानं ढग घाबरून पळणार आहेत का?" बाबा उन्हाची तिरीप पडेल तिथे खुर्ची ओढून बसायचे, डोळे मिटून. मला वाटायचं, अरे, आलोय कशाला आपण? डोळे मिटून बसायला घर काय वाईट होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश लख्ख उघडलं. मी बाबांना जवळजवळ ओढतच गच्चीवर नेलं. ही मागून त्यांची शाल घेऊन आली.

समोर शिखर होतं. म्हणजे शिखरं होती. दोन. डावीकडचं एक टोक, आणि त्याच्या मागून खांदा वर काढून उभं असलेलं दुसरं, त्याच्याहून मोठं, रुंद, सगळं पांढरं. मी फोटोत पाहिलं होतं, पण फोटोत त्याचा एवढा बोजा कळत नाही.

"दिसतंय का बाबा?"

"दिसतंय की."

"कसं दिसतंय?"

बाबांनी मान नीट त्या दिशेला धरली होती. ते म्हणाले, "सुरेख. तसंच आहे अगदी. एकटंच टोक, वर जरा उजवीकडे कललेलं. आजूबाजूला दुसरं काही नाही म्हणून तर ते एवढं उठून दिसतं."

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात हिनं माझं कोपर दाबलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. म्हणजे टेबल सरकवलं तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं, आणि मी, डोळ्यांचा धंदा करणारा, ढग मोजत बसलो होतो.

मी खाली उतरलो आणि चालत सुटलो. राग कुणाचा येत होता ते कळत नव्हतं. बसथांब्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एकेक गोष्ट आठवत गेली. गेल्या महिन्यात एका मास्तरांच्या चष्म्याचे नाकावरचे पॅड उलटे बसले होते आणि मी माल पुरवणाऱ्याला फोन करून झापलं होतं. दुकानातले स्क्रू खाली पडायला लागले होते आणि मी म्हणत होतो, हल्ली स्क्रूच खराब येतात. आणि तो तक्ता. एकतीस वर्षं बाबांनी त्याच खुर्चीशेजारी उभं राहून हजारो माणसांकडून तो वाचून घेतला होता. झोपेत उठवलं असतं तरी त्यांनी सहाच्या सहा ओळी म्हटल्या असत्या. खणात दुसरा तक्ता होता, वेगळ्या अक्षरांचा, अजून गुंडाळीसुद्धा न सोडलेला. माझ्या एकदाही मनात आलं नाही की तो लावावा. आठ महिने मी त्यांचे डोळे तपासत नव्हतो, त्यांची आठवण तपासत होतो. आणि ती ठणठणीत होती.

मी परत खोलीत आलो आणि म्हटलं, "चला, खालच्या गावात जाऊ. खोली मिळतेय."

"का रे?" बाबा म्हणाले. "इथून एवढं छान दिसतंय."

"मला वारा सोसत नाही."

ही पिशव्या भरायला लागली.

खालच्या गावातली खोली तळमजल्यावर होती. समोर ओटा, त्यापुढे नदी, तिचा आवाज सतत. बाबा ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसले आणि त्यांचे खांदे खाली आले. नदीपलीकडे, झाडांवर, शिखर होतं. एकटंच. वर जरा उजवीकडे कललेलं. मोठं शिखर त्याच्या मागे पूर्ण लपलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाबांनी पाहिलेलं हे होतं, आणि सकाळी गच्चीवर त्यांनी मला हेच वाचून दाखवलं होतं.

मी त्यांच्या शेजारी खालीच बसलो.

"बाबा, खरं सांगा. कितवी ओळ दिसते?"

त्यांनी नदीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "पहिलीतलं मोठं अक्षर. तेही कडेकडेनं. मधे काहीच नाही."

"कधीपासून?"

"झाले पाच महिने."

"का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "डॉक्टर मला म्हणाले होते, थोपवता येतं. पाच महिने घालवलेत तुम्ही."

"तू 'बरोबर' म्हणायचास ना," बाबा म्हणाले, "तेव्हा तुझा चेहरा मला दिसायचा नाही, पण आवाज हलका व्हायचा. दर महिन्याला वाटायचं, एवढा एक महिना. पुढच्या तारखेला सांगू. आणि मग दुकान. तू मला स्टुलावरून उठवलं असतंस."

उठवलं असतं. खोटं कशाला बोलू? मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनी हात पुढे करून बरोबर माझ्या डोक्यावर ठेवला.

"उद्या परत जायचं," मी म्हटलं. "आधी डॉक्टर."

"जाऊ."

"आणि बाबा, वरून दोन दिसतात."

"काय दोन?"

"शिखरं. ह्याच्या मागे अजून एक आहे, मोठं. ते इथून दिसतच नाही."

त्यांचा हात डोक्यावरच थांबला. "दोन," ते म्हणाले. "आणि तुझी आई बिचारी रोज म्हणायची, वर जाऊन येऊ. मी म्हणायचो, जाऊन काय वेगळं दिसणार आहे?" मग म्हणाले, "सांग. कसं आहे ते?"

मी सांगायला लागलो. घाईनं.

"सावकाश," बाबा म्हणाले. "डावीकडून घे."

मी डावीकडून घेतलं. पुढचं टोक केवढं, त्याच्या मागून मोठ्याचा खांदा कुठे निघतो, मधली खाच किती खोल, बर्फ कुठे संपतो आणि काळा कडा कुठे सुरू होतो. ते मधेच थांबवत होते, पुन्हा विचारत होते, खाच सरळ की तिरपी? कडा खाचेच्या खाली की शेजारी? ऊन नदीवरून सरकून ओट्यावर आलं. ही आत पिशव्या न सोडताच बसली होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कुठेही जावंसं वाटत नव्हतं.

"आता मी म्हणतो, तू ऐक," बाबा म्हणाले, आणि मान नेमकी त्या दिशेला वळवून त्यांनी सुरुवात केली. डावीकडे लहान टोक. मागून मोठ्याचा खांदा.

"बरोबर," मी म्हटलं. "पुढची ओळ."