वांगाखालचा हात

कुंदा हुपरीकरच्या डाव्या गालात तिच्या आईचा हात होता. पाची बोटे, तळवा, सगळा. लग्नाच्या हळदीपासून तो तिथेच होता आणि अधूनमधून, विशेषतः भाजी निवडायला बसले की, गरम व्हायचा. अलीकडे मात्र गालावर वांग चढले होते. ते काळपट डाग वाढत वाढत गोधडीसारखे हातावर पसरले आणि त्याची ऊब बाहेर यायची बंद झाली. गेल्या संक्रांतीपासून तर हात आहे की नाही, हेच तिला कळेनासे झाले.

म्हणून ती पील करून घ्यायला, म्हणजे औषधाने वरची कातडी सोलून घ्यायला निघाली. इचलकरंजीत तिचा शिवणाचा क्लास होता. ब्लाउज बिघडला की आधी उसवून बघायचे, ही तिची रीत. चेहऱ्यालाही तिने तीच लावली.

"पन्नाशी उलटल्यावर कसलं पील नि कसलं फील!" नवरा वसंतराव म्हणाले. "कोरफड लाव की गप." पण स्कूटर त्यांनीच बाहेर काढली. माणूस बोलायला काटेरी, आतून फणसाच्या गऱ्यासारखा. दवाखान्याच्या बाकावर ते वर्तमानपत्र उघडून बसले आणि कुंदा आत गेली.

डॉक्टर चौगुले नावाची शांत बाई होती. तिने भिंगातून कुंदाचा गाल बराच वेळ पाहिला.

"कातडी तेलकट असते, कोरडी असते, नाहीतर दोन्ही मिळून असते," ती म्हणाली. "तुमची यातली कुठलीच नाही. राखणारी आहे. एकदा लागलेलं सोडत नाही."

"वाईट असतं का ते?"

"वाईट नाही. पण पील जपून निवडावं लागतं. फळांच्या आम्लाचं हलकं असतं, वरवरचं ऊन तेवढं निघतं. मधलं लग्नापर्यंत जातं. खोल पील आपल्या गव्हाळ रंगाला मी सहसा देत नाही. वांग दुप्पट होऊन परत येतात."

"वांग राहू देत हो. त्यांच्याखाली आईचा हात आहे. तो कुठल्या पदरात आहे, तेवढं बघा."

डॉक्टरने मान डोलावली. "हात ठेवताना पाहिलं होतंत?"

तिथेच तर सगळे अडले होते. कुंदाची आई विधवा. हळदीला सवाष्णींचे हात लागतात, विधवेचा चालत नाही, म्हणून आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. हळद डोळ्यांत गेली आणि कुंदाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात एक खरखरीत हात तिच्या डाव्या गालावर टेकला. "माझाच गं तो हात," मालूमामी मरेपर्यंत सांगत राहिली. "तुझ्या आईनं उंबरा ओलांडलाच नाही." वर्ष सरायच्या आत आई गेली आणि विचारायचे राहून गेले. आई आली होती का, एवढेच कुंदाला हवे होते. आणि आली असेल, तर तो हात आणखी एकदा हवा होता. फार नाही, एकदाच.

डॉक्टरने आधी कानामागे ठिपकाभर औषध लावून पाहिले. कातडीला सोसते की नाही, ते असेच पाहायचे असते. औषध झरझर खाली गेले आणि तळाशी काजळाची तीट निघाली, कालच लावल्यासारखी ओली. कुंदा आरसा मागणार, तोवर डॉक्टरने ती कापसाने टिपून टाकली.

"अहो, ती माझ्या आईनं लावलेली!"

"तशीही गेलीच असती. उघड्यावर आलेलं टिकत नाही. अजूनही विचार करा."

कुंदाला कानामागे पोकळ वाटले. तरी ती खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "मधलं लावा."

औषध चुरचुरले. डॉक्टरने हनुवटीपासून कड धरली आणि वांगांचा चेहरा दुधावरच्या सायीसारखा अलगद उचलून खुर्चीमागच्या तारेवर चिमट्याने वाळत घातला. समोरची भिंत थोडी पुढे आली. डॉक्टरने आपले स्टूल तेवढे जवळ ओढले.

मग हळदीचा चेहरा आला. कुंदाने आरसा धरला. कपाळावर, नाकावर, उजव्या गालावर पिवळे हात होते. मालूमामीचा आखूड अंगठा हनुवटीवर होता. आणि डाव्या गालावर, भोवतीच्या हळदीत, एका हाताएवढी जागा कोरडी होती.

"इथे हळद नाही," डॉक्टर म्हणाली.

"तिला हळदीला शिवू देत नव्हते," कुंदा म्हणाली आणि तिला रडू फुटले. "म्हणून कोरडाच हात घेऊन आली. आली होती हो, आली होती!"

तिने त्या जागेवर आपला तळवा ठेवला. जागा गार होती. वारा लागून भोवतीची हळदही विटू लागली होती.

"ऊब कुठे गेली?"

"खाली."

बाहेरून हाक आली, "कुंदा, झालं का गं?"

"कोण बोलतंय?" कुंदाने विचारले.

"तुमचे मिस्टर."

"माझं लग्न तर उद्या आहे," कुंदा म्हणाली.

डॉक्टरने ब्रश खाली ठेवला. "राखणाऱ्या कातडीनं इथं थांबलेलं बरं. जे विचारायचं होतं ते कळलं."

"कळून काय करू? हात कुठाय? हत्ती गेला नि शेपूट राहिलं, आता मागं फिरू व्हय?"

डॉक्टरने खोल पीलची बाटली उघडली. परकराच्या वयाचा चेहरा तारेवर गेला, मग शाळेचा, मग दुधाचे दात पडलेला. प्रत्येकावर डाव्या गालाशी तीच कोरडी जागा होती आणि प्रत्येक ठिकाणी ती गार होती. भिंत खुर्चीच्या पायाशी आली. कुंदाचे पाय जमिनीला पुरेनात. अंगावरच्या साडीचा तिच्याभोवती ढीग झाला. भिंतीपलीकडे कुणी अनोळखी माणूस वर्तमानपत्राची घडी घालत होता.

शेवटी पांढरा, मलमलीसारखा तलम पदर लागला. कानापासून हनुवटीपर्यंत त्याला बारीक तुरपाई होती. दोरा दुहेरी, टाके तांदळाच्या कणीएवढे. कुंदाने ते बोटाने चाचपले. असे टाके एकच बाई घालायची, तिची आई. आणि त्या पदराखालून, आतल्या बाजूने, एक हात गालाला टेकलेला होता. पाची बोटे उठून दिसत होती. गाल गरम झाला, भाजी निवडताना व्हायचा तसा.

"हे अस्तर," डॉक्टर हळूच म्हणाली. स्टूलसकट ती आता भिंत आणि खुर्चीच्या मधे दाबली गेली होती. "हे काढलं तर हात मोकळा होईल. पण मग तो ठेवायला गाल राहणार नाही."

अस्तर काढले की कापड बसत नाही, हे कुंदा क्लासातल्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगायची. पण तो क्लास अजून निघायचा होता. तिने आपला लहानसा तळवा बाहेरून त्या हातावर ठेवला. मधे फक्त मलमल होती. आयुष्यात इतके जवळ कुणी आले नव्हते आणि इतके दूरही कुणी राहिले नव्हते.

"काढू?" डॉक्टरने विचारले.

"नगं," कुंदा लहान आवाजात म्हणाली. "आत असंना का. मी अशीच धरून बसते."

डॉक्टरने बाटलीला बूच लावले. भिंतीपलीकडून कुणीतरी भीत भीत हाक मारली, "कुंदा?"

कुंदाने डोळे मिटून घेतले, हळदीला मिटले होते तसे. तळव्याखालचा हात क्षणभर स्थिर राहिला. मग तो तिच्या हाताखालून सरकला, चाचपडत कानापाशी गेला, आणि आतल्या बाजूने नखाने पहिला टाका उसवू लागला.