मुंडक्याची मूत्रपिंडं

असानबेकच्या घरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. अंगणातल्या कढईत मेंढा शिजत होता आणि आत प्रोफेसर मेदेर एकेकाची तब्येत टक्क्यांत सांगत होते. ते कशाचे प्रोफेसर, हे विचारण्याइतकं उद्धट गावात कोणी नव्हतं.

रोग्यानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी दांडी एका मुठीत धरायची. प्रोफेसर त्याच्या दुसऱ्या हाताच्या बोटांवर टोकदार कांडी टेकवायचे. यंत्र कुंई करायचं, पडद्यावर यकृत, फुप्फुसं लाल-पिवळी उजळायची आणि खाली आकडा यायचा.

"पित्ताशय छत्तीस! एजे, अहो ताई, राग गिळता वाटतं?"

"गिळू नको तर काय करू? माझी सून बघा एकदा!" बाटमा म्हातारी म्हणाली.

घरभर 'वा!' झालं. सासूला सुनेचा राग येतो, हे यंत्रानं अचूक ओळखलं होतं.

मग प्रोफेसरांनी तिच्या मुठीत दांडीबरोबर आपल्या थेंबांची बाटली दिली आणि कांडी पुन्हा टेकवली. आकडा अठ्ठ्याऐंशी! बूच न उघडताच गुण.

डॉक्टर बुरुल दाराशी बूट काढत हे बघत होती. असानबेक तिचा थोरला भाऊ. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. नारीन शहरातल्या इस्पितळात, तिच्याच विभागात, आठवड्यातून तीनदा तो रक्त धुवून घ्यायला यायचा, घाट ओलांडून. गेला आठवडाभर फिरकला नव्हता. आता तो प्रोफेसरांशेजारी मानाच्या जागी बसला होता. चेहरा सुजून डोळ्यांच्या चिरा झालेल्या.

"बायके," तिनं थोरल्या भावाला तिथल्या रीतीनं हाक मारली, "गाडी बाहेर उभी आहे. उठा."

"कशाला? मूत्रपिंडं एक्क्याऐंशीवर आलीत माझी. तुमचं यंत्र काय सांगतं गं? अंगात पाणी किती! एवढं मोठं इस्पितळ, आणि पाणी मोजत बसतं!"

लोक हसले. बुरुलचं यंत्रही अंगातून बारीकशी वीज सोडायचं. ओल्या मांसातून ती सहज जाते, चरबीत अडखळते. त्यावरून अंगात पाणी किती साठलंय याचा अंदाज येतो. त्यापलीकडे त्या यंत्राला काही कळत नव्हतं, आणि कळतंय असा आवही ते आणत नव्हतं. त्यामुळे त्याच्याभोवती कधी गर्दी झाली नाही.

"थेंब कशातून देता?" तिनं प्रोफेसरांना विचारलं.

"जर्दाळूच्या पाण्यातून. दिवसाला तीन वाडगे. रक्त जागं होतं."

बुरुल पुढे सरसावली. "जर्दाळूत पोटॅशियम असतं. यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. ते साठलं की हृदय बंद पडतं. विष पाजताय तुम्ही!"

"गिऱ्हाईक तुटलं की इस्पितळाला वाईट वाटतंच, मुली," प्रोफेसर मायेनं म्हणाले.

तेवढ्यात ताट आलं. उकडलेलं मुंडकं सगळ्यांत मोठ्या पाहुण्यापुढे ठेवायचं, ही रीत. प्रोफेसरांनी कान कापायला सुरी उचलली आणि बुरुलनं ताटच ओढून घेतलं. पाहुण्याचं मुंडकं, आणि घरच्या लेकीनं हात घालावा?

तिनं पितळी दांडी मेंढ्याच्या तोंडात कोंबली आणि कांडी गालावर हलकीच टेकवली.

कुंई. मूत्रपिंडं बेचाळीस.

मग तिनं कांडी जोरात दाबली. मूत्रपिंडं त्र्याण्णव.

"अभिनंदन," ती म्हणाली. "याला धड नाही, पण मूत्रपिंडं खोलीत सगळ्यांत ठणठणीत आहेत. हलकं टेकवलं की वीज अडते, आकडा कमी. दाबलं की जास्त जाते, आकडा चढतो. थेंब द्यायच्या आधी हे हलकं टेकवतात आणि नंतर दाबतात. बाकीची चित्रं आधीच भरून ठेवलेली. खेळ एवढाच."

"मृत्यूनंतरही ऊर्जा काही काळ..." प्रोफेसर सुरू झाले.

"मग पाज ना त्याला थेंब! बॅं करू दे!" कोपऱ्यातून एक म्हातारा ओरडला. घर खदाखदा हसलं. प्रोफेसर वायरी गुंडाळायला लागले.

"पण माझा राग तर खरा निघाला की," बाटमा पुटपुटली.

असानबेक हसला नव्हता. "बुरुल, एकदा मला लाव ते. जोरात दाब."

"बायके! आत्ता बघितलंत ना?"

"बघितलं. तरी लाव. एवढा एक चांगला आकडा येऊ दे, मग येतो."

तिनं लावलं नाही. चौघांनी त्याला उचलून गाडीत घातलं. वाटेभर तो तिच्याकडे पाठ करून बसला. घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याचं हृदय थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात शोकासाठी यर्ट, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभा राहिला. आत बायका आक्रोश करत होत्या. बुरुलचा फोन वाजला. पलीकडच्या खोऱ्यातून चुलतबहीण रडत होती. रडणं ओसरल्यावर ती दबकत म्हणाली, "आमच्याकडे एक प्रोफेसर आलेत गं. माझं यकृत नव्वद निघालं. तुला बरं वाटावं म्हणून सांगतेय."

"कांडी कोणाच्या हातात होती?"

"त्यांच्याच. का?"

"तू माग. आधी दांडीच्या ओल्या फडक्याला लाव, मग दांडी खुपसून उकडलेल्या बटाट्याला. हलकं टेकव, मग दाब. बटाट्याला यकृत निघालं तर सगळ्यांना दाखव. आणि तिथं कुणी आपलं औषध थांबवलं असेल, तर त्याला आजच्या आज घेऊन ये."

"ते कांडी देतील माझ्या हातात?"

"नाही दिली," बुरुल म्हणाली, "तर का देत नाहीत, ते चारचौघांत विचार."