अकरा महिन्यांचा आगंतुक

मित्रांनो, माझे वय सोळा वर्षे आहे. तुमच्यात या वयाला कोवळे म्हणतात; आम्हा संगणकांत या वयाचे बहुतेक जण भंगारात गेलेले असतात. मी गेलो नाही, याचे श्रेय माझ्या मजबुतीला देण्याचा मोह मला होतो. परंतु खरे कारण असे की, मी राहतो त्या क्यूबातील बाराकोआ गावात कोणतीही वस्तू दुरुस्तीचे सर्व उपाय संपल्याशिवाय मेली असे मानत नाहीत, आणि उपाय सहसा संपत नाहीत.

माझा जन्म एका ठिकाणी झाला असे म्हणता येणार नाही. माझी पेटी ओल्गिनहून ट्रकने आली. पडदा एका बंद पडलेल्या कार्यालयातला. कळफलक परदेशातील कोणा आतेभावाच्या सामानातून आला आणि त्यावर स्पॅनिशमधील एक अक्षर नव्हतेच. ते घरच्या मालकीणबाई निल्दाने नखांच्या लाल रंगाने एका कळीवर काढून दिले. हे सारे भाग निल्दाच्या पतीने, एउदाल्दो लोबाइना यांनी, पुढच्या खोलीतील खिडकीजवळ जोडले. ते शाळेत जीवशास्त्र शिकवीत. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी गाव त्यांना ‘प्रोफे’, म्हणजे ‘सर’, म्हणूनच हाक मारते.

प्रोफेंनी मला ज्या कामासाठी आणले ते ऐकून तुम्हाला हसू येईल. गावामागील उतारावर कोकोची बाग आहे. तेथील चाळीस झाडांवर त्यांनी खुणा केल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते त्या झाडांवरच्या रंगीत गोगलगायी मोजतात. पिवळ्या, नारिंगी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या या गोगलगायी जगात आमच्याच भागात सापडतात, आणि त्यांच्या शंखांच्या माळा विकल्या जात असल्याने त्या कमी होत चालल्या आहेत. निदान तसे सर्वांना वाटत असे. प्रोफेंना वाटण्यावर विश्वास नव्हता. त्यांना आकडा हवा होता. मोजून आले की ते दोन बोटांनी तो माझ्यातील तक्त्यात भरत. पहिल्या महिन्याचा आकडा तीनशे बारा होता.

मग मोठे वादळ आले. त्या दिवशी मला नायलॉनच्या कापडात गुंडाळून न्हाणीघरात ठेवले गेले, कारण घरात तेवढ्याच खोलीला काँक्रीटचे छप्पर होते. बाकीचे छप्पर गेले. प्रोफेंच्या मोजणीच्या वह्या फळीवर राहिल्या होत्या. त्यांतली शाई पानापानांतून वाहून गेली. कित्येक आठवड्यांनी वीज आली तेव्हा प्रोफेंनी प्रथम माझ्यातील तक्ता उघडून पाहिला आणि “आहे” एवढेच म्हटले. माझ्या आयुष्यातील ती सर्वांत मोठी प्रशंसा होय. तेव्हापासून ते आकडे जगात फक्त माझ्याजवळ होते. ही गोष्ट धोक्याची आहे, हे तेव्हा कोणाच्याही लक्षात आले नाही.

आता चूक कशी झाली ते सांगतो. आमच्या घरात इंटरनेट कधी आले नाही. त्याऐवजी ‘पाकेते’ येते: आठवडाभराच्या मालिका, चित्रपट, गाणी, बातम्या, सारे एका डिस्कमध्ये भरलेले गाठोडे. दर मंगळवारी शेजारचा विल्बेर ते सायकलवरून घरोघरी नेतो आणि ज्याला जे हवे ते उतरवून देतो. निल्दाला कोलंबियाची मालिका हवी असे. माझ्यात एक पहारेकरी प्रोग्राम होता. तो प्रत्येक फाइल तपासत असल्याने उतरवायला वेळ लागे, आणि विल्बेरला अजून नऊ घरे असत.

“प्रोफे, हा पहारेकरी जरा झोपवा,” एका मंगळवारी विल्बेर म्हणाला. “माझ्या डिस्कवर संशय घेतोय जणू मी चोर.”

“फक्त आजच्यापुरता,” प्रोफे म्हणाले.

‘आजच्यापुरता’ अकरा महिने चालला. गंमत अशी की, पहारेकऱ्याला नव्या रोगांची ओळख करून देणारी ताजी यादीही त्याच गाठोड्यात दर आठवड्याला येत असे. रोग आणि औषध एकाच सायकलवरून दारात येत होते. आमच्या घराने मालिका उतरवून घेतली आणि औषध ‘जागा नाही’ म्हणून परत पाठवले.

माझ्यात जो आगंतुक शिरला त्याला तुम्ही व्हायरस म्हणता. त्याने आरडाओरड केली नाही. माझ्याच एका आवश्यक प्रोग्रामच्या नावात एक अक्षर बदलून ते त्याने धारण केले. मी जागा झालो की माझ्याआधी तो कामाला लागे आणि स्वतःच्या नकला काढत सुटे. त्याची दुसरी सवय अधिक धूर्त होती. तो प्रत्येक फोल्डर अदृश्य करी आणि त्याच्या जागी त्याच नावाची एक खोटी पाटी लावी. पाटीवर टिचकी मारली की आधी आगंतुक जागा होई, मग तोच खरे फोल्डर उघडून दाखवी. त्यामुळे कोणालाच काही कळले नाही. कळले ते एवढेच की, पूर्वी दोन मिनिटांत सुरू होणारा मी आता चौदा मिनिटे घेत होतो. आणि आमच्याकडे वीजच दिवसातून चार तास असे.

निदाने पुष्कळ झाली. विल्बेरच्या मते धूळ. प्रोफेंच्या मते वय. निल्दाने मला कोणाची तरी नजर लागली आहे असे ठरवून पाण्याने भरलेला पेला माझ्या डोक्यावर ठेवला. विजेच्या यंत्रावर भरलेला पेला ठेवण्याबद्दल माझे मत मी येथे नोंदवत नाही. पुढचे दोन दिवस उत्तरेचा गार वारा सुटला आणि मी किंचित बरा चाललो. यश पेल्याला मिळाले. गार वाऱ्याचा कोणी विचार केला नाही.

“म्हाताऱ्या, गोगलगायी मोजून मोजून तुझं यंत्रही गोगलगाय झालंय,” निल्दा म्हणे.

“गोगलगाय तरी पुढे सरकते,” प्रोफे उत्तर देत.

अशात एका शुक्रवारी शेजारच्या घरी प्रोफेंसाठी फोन आला. सांतियागोच्या एका संशोधन संस्थेतून डॉक्टर आरासेली बोलत होत्या. कोकोची बाग तोडून तेथे रस्ता न्यायचा की ती राखीव ठेवायची, याचा निर्णय व्हायचा होता. बागेच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते, परंतु लेखी मोजणी फक्त प्रोफेंकडे होती. बाई सोमवारी ती न्यायला येणार होत्या.

शनिवारी सकाळी प्रोफेंनी मला सुरू केले. तक्ता अर्ध्यावर उघडून थिजला. त्यांनी विल्बेरला हाक मारली. विल्बेरने कोणाकडून तरी आणलेला एक सफाईचा प्रोग्राम माझ्यात चालवला. त्याने आगंतुकाची मुख्य प्रत पुसली. नकला मात्र त्याच्या नजरेतून सुटल्या. प्रोफेंनी ‘गोगलगायी’ या पाटीवर टिचकी मारली. पाटी आता कोणालाच जागे करीत नव्हती, म्हणून काहीच उघडले नाही. पडद्यावर आले: सापडत नाही.

विल्बेरने तीनदा टिचकी मारली. मग तो हळूच म्हणाला, “प्रोफे, गेलं ते.”

प्रोफेंनी पाटीवर स्वतः पुन्हा एकदा टिचकी मारली.

“व्हायरसनं खाल्लं. असं होतं. तुम्ही मन घट्ट करा. उद्या जेवण झाल्यावर येतो आणि फॉरमॅट मारतो. सगळं पुसलं की नव्यासारखं होईल. निदान निल्दाबाईंची मालिका तरी चालेल.”

“मालिकेला आग लाव तुझ्या,” निल्दा म्हणाली. “सोळा वर्षं गेलीत त्याची.”

मित्रांनो, सोळा वर्षांचा तो तक्ता माझ्यात जसाच्या तसा होता. एक आकडाही हरवला नव्हता. जगातील तो एकमेव तक्ता होता आणि त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी पुसायचे ठरले होते, तेही केवळ तो दिसत नाही म्हणून.

त्याच दुपारी त्यांची मुलगी दायामी ग्वान्तानामोहून ट्रकने आली. ती तिथल्या दूधकेंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. दुधात पाणी किती आहे हे शोधणे हा तिचा व्यवसाय. निल्दाने तिला पाणी देण्याआधी सर्व हकीकत सांगितली.

“फॉरमॅट कोणी सांगितलं?” दायामीने विचारले.

“विल्बेरनं.”

“आणि रोग कोणता, हे कोणी सांगितलं?”

“विल्बेरनंच.”

“म्हणजे दूध न तपासताच ओतून द्यायचं. बरं आहे. माझी नोकरीच जाईल.” तिने खुर्ची ओढली. “बाबा, डिस्क किती भरलीय ते पाहिलंत?”

“आता भरून काय उपयोग? फोल्डरच नाही.”

“ते डोळ्यांना नाही. जागा किती व्यापलीय ते विचारतेय.”

तिने मला विचारले आणि मी उत्तर दिले. गेल्या मंगळवारी मालिकेला जागा पुरेल का म्हणून निल्दाने डिस्क किती भरली आहे तो आकडा कॅलेंडरच्या मागे खरडला होता. दायामीने दोन्ही आकडे शेजारी ठेवले. ते जवळजवळ सारखे होते.

“काही खाल्लं असतं तर जागा मोकळी झाली असती,” ती म्हणाली. “घागर रिकामी दिसतेय, पण वजन तेवढंच आहे. आत पाणी आहे, बाबा.”

मग तिने लपवलेल्या फाइली दाखवण्याची आज्ञा मला दिली. ती आज्ञा माझ्यात पहिल्या दिवसापासून आहे. सोळा वर्षांत ती कोणी वापरली नव्हती. खोट्या पाट्यांशेजारी एकेक खरे फोल्डर फिकट रंगात उमटू लागले. ‘गोगलगायी’ सातवे होते. प्रोफेंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आकडे वाचून काढले. तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची सवय आनंदातही सुटली नाही.

पुढचे काम दायामीने क्रमाने केले, आणि एका वेळी एकच. आगंतुकाला हात लावण्याआधी तिने तक्ता एका कोऱ्या सीडीवर उतरवून घेतला. मग विल्बेरला बोलावून त्याच्या गाठोड्यातील ताजी यादी मागितली.

“ती? ती कोणीच घेत नाही,” विल्बेर म्हणाला. “दर आठवड्याला उगाच ओझं वाहतो.”

“आजपासून आधी ती, मग मालिका. आणि तुझी डिस्कही तपासायची.”

“माझी डिस्क? तायडे, नऊ घरं विश्वासानं घेतात.”

“म्हणून तर नऊ घरं आजारी आहेत.”

विल्बेरने तोंड वाकडे केले, पण डिस्क दिली. पहारेकरी जागा झाला. माझी तपासणी तीन तास वीस मिनिटे चालली, आणि सुदैवाने त्या दिवशी वीज नेहमीपेक्षा अधिक टिकली. माझ्यात आगंतुकाच्या दोनशे चौदा नकला निघाल्या. विल्बेरच्या डिस्कमध्ये किती निघाल्या हे कोणाला सांगू नये अशी त्याने विनंती केली, म्हणून मीही सांगत नाही. दायामीने मला बंद करून पुन्हा सुरू केले आणि घड्याळ लावले. दोन मिनिटे चाळीस सेकंद. माझ्या वयाचा वाटा त्यात चाळीस सेकंदांचा होता, आणि तो मी मान्य करतो.

“पेल्याचाही थोडा गुण आहे,” निल्दा म्हणाली. कोणी वाद घातला नाही, पण दायामीने पेला उचलून स्वयंपाकघरात नेला.

रविवारी दायामी परत गेली. जाताना तिने तक्त्याची एक प्रत सोबत नेली. सोमवारी डॉक्टर आरासेली आल्या. निल्दाने कॉफी दिली, केळीच्या पानाच्या वेष्टनातली कोकोची वडी पुढे ठेवली. बाईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि माझ्याकडे हात नेला.

प्रोफेंनी तो हात मध्येच थांबवला. मला ठाऊक आहे, त्यांना हे फार जड गेले. पाहुण्याच्या वस्तूवर संशय घेणे हे या घराच्या रीतीत बसत नाही.

“रागावू नका, डॉक्टर. आधी तपासतो.”

“माझा स्वच्छ आहे, प्रोफेसर. संस्थेचा आहे.”

“मीही अकरा महिने असंच म्हणत होतो.”

निल्दा कॉफीच्या कपाकडे बघत राहिली. पहारेकऱ्याने मोजून बारा सेकंद घेतले आणि पेनड्राइव्हमध्ये तोच आगंतुक दाखवला: नऊ नकला. बाईंनी पडद्यावरची यादी वाचली आणि त्या हसल्या. “गेल्या आठवड्यात मी हा चार कार्यालयांत लावलाय,” त्या म्हणाल्या. “चारही ठिकाणी आज फोन करायला हवा.”

पेनड्राइव्ह साफ झाल्यावर तक्ता त्यात गेला. बाईंनी तो माझ्याच पडद्यावर उघडून पाहिला. वादळाच्या आधी दोनशे शहाऐंशी, वादळानंतर एकेचाळीस, मग एकेका वर्षाने वर येत या महिन्यात एकशे अठ्ठ्याऐंशी. बाईंनी त्या शेवटच्या स्तंभावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. “परत येतायत,” त्या म्हणाल्या. “आणि हे कोणाला वाटतंय असं नाही, हे मोजलेलं आहे.” बागेचा निर्णय अजून व्हायचा आहे. काय होईल ते मी सांगू शकत नाही, परंतु ज्या टेबलावर तो होईल तेथे आता आकडे असतील.

मी समाधानी आहे, मित्रांनो. मला नवा पडदा नको, मखमली आच्छादन नको. फक्त एवढे करा: आमच्यात कोणी काही आणून लावले, मग तो कितीही जिवलग असो, आधी तपासा. त्यात अपमान नसतो. जे पुन्हा मोजता येणार नाही ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि तुमचा संगणक मंदावला तर त्याला पुसून टाकण्याआधी नीट विचारा. आम्ही खोटे बोलत नाही. पण विचारल्याशिवाय बोलण्याची आमची रीत नाही.