मुडदा नंबर दोन

साखऱ्याच्या अलीकडच्या तांड्यावर सकाळी नवालाच मांडव गच्च भरला. भजन ऐन रंगात आलं, गगनवाणी महाराजांनी उपरण्यात तोंड खुपसलं, आणि दोन्ही भोंग्यांतून मेलेला देवला बोलू लागला. आवाज खोल विहिरीतून यावा तसा.

"आई, मला शिलानं खाल्लं. डाकीण हाय ती. माझं लेकरू तिच्यापासून तोडा."

बायांनी हंबरडा फोडला. देवलाची आई भिकाबाई भोंग्यालाच हात जोडून बसली.

देवलाची बायको शिला लेकराला कडेवर घेऊन खांबापाशी उभी होती. देवला काविळीनं गेला. दवाखान्याची जीप दारात उभी असताना याच महाराजानं गंडा बांधला होता. "दवाखान्याची पायरी चढला तर गंडा उतरंल." जीप परत गेली, पाचव्या दिवशी देवला गेला. आता स्वतःचं पाप शिलाच्या माथी. आणि देवला तर आईला जन्मभर तांड्याच्या बोलीत याडी म्हणायचा. मेल्यावर मराठी शाळेत गेला वाटतं!

काल ती मांडवात पाणी द्यायला गेली, तेव्हा चेला देविदास लॅपटॉपवर आवाज तपासत होता. गाण्याच्या पार्टीवाले चालू गाण्यात आवाज घुमवतात, जाड-बारीक करतात, तसलंच सॉफ्टवेअर. पडद्यावर तीन नावं: एक देवी, दोन मुडदा, तीन लेकरू. तांड्यातल्या बाईला काय वाचता येतंय, म्हणून त्यानं झाकलंसुद्धा नाही. शिला दहावी पास होती.

"डाकिणीला पुढं आणा," तांड्याचा नाईक धर्मसिंग म्हणाला. काठ्या उचलल्या गेल्या.

"मीच येऊन राहिले, नाईक. कबूल करते, पण माईकवर."

महाराज खूश. त्यांच्या उपरण्याखालचा माईक काढून तिला द्यायला देविदास लॅपटॉपपासून उठला. तेवढंच तिला पाहिजे होतं. माईक हिसकून ती लॅपटॉपपाशी गेली आणि तिनं एक नंबर दाबला.

"देवलाला या महाराजानं मारलं."

साक्षात देवी गरजली. मांडवातली माणसं हात जोडून आडवी पडली. मग काठ्या महाराजाकडं वळल्या. अजून एक शब्द, की याची हाडं मोडली असती. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता.

तिनं तीन नंबर दाबला आणि माईक महाराजाच्या तोंडाला लावला.

"बंद कर बे देविदास, बटन बंद कर!"

भोंग्यांतून दोन वर्षांचं पोरगं किंचाळलं. शिलाच्या कडेवरचं लेकरू खदाखदा हसलं. दुसरं कोणी हसलं नाही.

शिलानं मशीन बंद केलं. "ऐकलं? देवी बी हाच, मुडदा बी हाच."

भिकाबाई उठली. "माझा देवला मला याडी म्हणायचा," ती हळू म्हणाली आणि तिनं नाईकाच्या हातातली काठी ओढली.

"मारू नका याडी," शिला म्हणाली. "मेला तर उद्या हे लोक त्याची समाधी बांधतील. जित्ता ठाण्यात न्या, लॅपटॉपासकट." मग ती नाईकाकडं वळली. "तुमची काठी आदी माझ्यावर उठली होती. मी ते विसरणार न्हाई. आता सगळे ऐका. पुढच्या बारीला भोंगा बोलला, तर हात जोडायच्या आदी त्याची वायर कुठं जाते ते बघा. आन लेकरू पिवळं पडलं, तर जीप परत पाठवू नका."