बांधीतली लकेर

धानाची रोवणी करायची तर हातात पऱ्हे म्हणजे धानाची रोपं आणि गळ्यात गाणं, दोन्ही लागतं. चामोर्शीकडच्या बाया बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, चिखलात ओळीने वाकून रोवतात, म्होरकीण गाणं म्हणते आणि कडव्याच्या शेवटी पाखरासारखी लकेर घेते. लकेर आली की सगळ्यांनी एक पाऊल मागे. नाही तर कुणी पुढे, कुणी मागे, आणि रोवण्याची पार खिचडी!

कित्येक वर्षं ही लकेर कमळाबाईची होती. यंदा गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज फाटक्या पिपाणीसारखा झाला. सकाळपासून ओळ वाकडी चालली होती. शेतमालक गुणवंतराव बांधावरून ओरडले, "कमळाबाई, असंच चाललं तर उद्या भागरथाबाईची टोळी लावतो. इलाज नाई."

भागरथाबाईची टोळी शेजारच्याच बांधीत रोवत होती, आणि तिचा आवाज कसा खणखणीत! मजुरी काय, दुसरीकडेही मिळाली असती हो. पण म्होरकीपण गेलं तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

शेजारी तिची सून ज्योत्स्ना वाकलेली होती. ही पोरगी घरात भांडी घासतानाही लकेरी घेत राहायची, आणि कमळा तिला झापायची, "काय चिवचिव लावली? घर हाये का झाड?" बांधीत जी लकेर, तीच घरात चिवचिव, असा हा सासूचा न्याय! खरं म्हणजे तिला ते सोसवत नव्हतं. आपला गळा गेला आणि हिचा रोज नवा फुटतो!

आता मात्र तिने सगळं गिळलं. "ज्योत्स्ना, म्हण तू."

"आई, मले तुमच्यावानी नाई येत."

"माह्यावानी कोणाले पायजे? तुह्यावानी म्हण!"

ज्योत्स्नाचं पहिलं कडवं भीतभीतच गेलं. दुसऱ्याच्या शेवटी तिने लकेर सोडली. ती वर चढली, तिथेच थरथरली, आणि बाया एका दमात मागे सरल्या. अन् काय सांगावं, बांधापलीकडची अख्खी टोळीही मागे सरली! त्यांचं कडवं अजून अर्ध्यातच होतं. पण रोवणारीचे पाय लकेर ऐकतात, ती कुणाची हे विचारत नाहीत.

भागरथाबाई चिखलातून उठून कडाडली, "कोण होय वं ते? माह्या बाया काऊन हलवून राह्यली?"

कमळाबाईने कंबर सरळ केली, पदर खोचला आणि ती त्याच फाटक्या आवाजात, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडली, "माही सून होय ते!"