माझी खाच आणि ती नवी

मित्रांनो, मी एक जुनी अधेली आहे. अर्ध्या डॉलरची असले तरी चांदी अस्सल, नेवाडाच्या डोंगरातली. माझ्या अंगावर अक्षरं कोरलेली आहेत, पण ती मला वाचता येत नाहीत. वाचणारे पुष्कळ पाहिले, त्यात शहाणे थोडेच निघाले. एका बाजूला ढाल धरून बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला गरुड, आणि गरुडाखाली कार्सन सिटीच्या टाकसाळीची खूण. ती टाकसाळ केव्हाच बंद पडली. माझ्या वर्षी तिथे आम्ही थोड्याच बहिणी जन्मलो. त्यातल्याही बऱ्याच वितळून गेल्या. तेव्हा मी कोणी ऐरीगैरी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तरुणपणी खाणीतल्या माणसांच्या हातांतून फिरले. मग खाणकामगारांचे कपडे धुणाऱ्या एका बाईनं मला वरच्या कडेला भोक पाडलं आणि तिच्या लेकीच्या गळ्यात बांधलं. पोरीला दात येत होते. तिनं चोखून चोखून माझ्यावरच्या बाईचं नाक गुळगुळीत केलं. मी लाळेनं ओली आणि तिच्या छातीच्या उबेत असायचे. तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पुढे दोरा तुटला, आणि मी मोडीच्या डब्यांतून फिरत फिरत ओहायोतल्या झेन्सव्हिल गावी आले. तिथल्या एल्डन टिपेटला जुन्या अधेल्या जमवायचा नाद. त्याच्या जाड पुठ्ठ्याच्या संग्रहात दर सालाला एक गोल खाच होती. माझ्या सालाची रिकामी होती. "चांगली मिळेपर्यंत ही असू दे," असं म्हणून त्यानं मला तिथे बसवलं. मिळेपर्यंत! ते ऐकत मी अर्धं आयुष्य काढलं, पण त्या खाचेत घरधनिणीसारखी बसले.

त्याचा मित्र हार्लन यायचा आणि हसायचा. "एल्डन, तुझ्या म्हातारीच्या डोक्यात भोक आहे रे!"

एल्डनची बायको ल्युएला कॉफी ओतता ओतता म्हणायची, "तुझ्या डोक्यातून तर वारा वाहतोय, हार्लन. केक खा गुपचूप."

आणि मग ती नवी आली. माझ्याच सालाची, माझ्याच टाकसाळीची. सख्खी बहीण, पण आली सवत होऊन. ढालीवरचं अक्षर न् अक्षर जागेवर, नाक कसं तरतरीत! तिच्यासाठी एल्डननं होडी विकली.

"होडीत निदान बसता तरी यायचं," ल्युएला म्हणाली.

एल्डननं मला खाचेतून काढलं आणि ल्युएलाच्या बटणांच्या डब्यात टाकलं. बटणांत! तिला मात्र मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून हीटरजवळच्या काचेच्या कपाटात उभं केलं. वसंतातल्या प्रदर्शनापर्यंत ती तिथेच मिरवणार होती. म्हणजे माझी खाच रिकामी, तरी ती माझी नाही. डब्याला झाकण नव्हतं, त्यामुळे सगळा हिवाळा मला तिचा तोरा बघावा लागला. नात मार्नी कपाटाला नाक लावून उभी राहायची. "आजोबा, एकदाच हातात द्या ना."

"नाही. बोटांचे डाग पडतात."

मी मनात त्या नवीला म्हणायचे, तुझं तोंड काळं होवो.

काळं नाही झालं, हिरवं झालं. प्रदर्शनाच्या सकाळी एल्डननं तिला बाहेर काढलं, तर सगळं अंग चिकट आणि हिरवट. हीटरच्या उबेनं ते मऊ पाकीटच तिला खात होतं. ज्या पांघरुणावर मी जळले, ते हे.

एल्डननं खाण्याचा सोडा घेतला.

"घासू नकोस," ल्युएला म्हणाली. "साऱ्या जगाला तूच सांगतोस ना?"

"तासाभरात टेबल मांडायचंय, ल्यू!"

त्यानं घासलं. हिरवं गेलं, आणि त्याबरोबर शंभर वर्षांचं तेजही गेलं. उरली ती घासलेल्या चमच्यासारखी चकाकी. ती पाहून एल्डननं तिला बाजूला सारलं. मग त्यानं बटणांत हात घातला, मला शोधलं आणि अंगठ्यानं माझ्या खाचेत दाबून बसवलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

"म्हातारी परत आली वाटतं," प्रदर्शनात हार्लन म्हणाला. पण या वेळी हसला नाही.

घरी आल्यावर एल्डन म्हणाला, "ती दुसरी माझ्या नजरेसमोर नको."

"मग मार्नीला दे. हिवाळाभर मागतेय पोर."

एल्डननं भोक पाडायचं, हातानं फिरवायचं गिरमिट काढलं. तो आवाज माझ्या ओळखीचा. दुखतं, मित्रांनो. पण मला तिची दया आली नाही, कारण पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं.

तुम्ही एवढं लक्षात ठेवा: जुनी चांदी घासू नका, मऊ प्लास्टिकमध्ये कोंडू नका. आणि जिला जपाल, तिला अधूनमधून हातातही घ्या.

माझी खाच आता माझी आहे. रविवारी संग्रह उघडला की समोर मार्नी दिसते, गळ्यात ती. विचार करता करता पोर तिला तोंडात धरते. "मार्नी, काढ ते तोंडातून!" ल्युएला ओरडते. मार्नी काढते आणि पुन्हा घालते.

तिचंही नाक आता झिजायला लागलंय. मेली नशीबवान.